सोफ्याचं कापड निवडताना

२०१५च्या सिंहस्थात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागणार हे उन्हाळ्यातच कळून चुकलं होतं. नाशिकला घर असलं की सिंहस्थात सगळ्या नातेवाइकांना आपली आठवण येतेच. हॉलमध्ये सासऱ्यांच्या वेळचा सागवानी सोफा होता: तिघांचा एक, एकेकट्याच्या दोन खुर्च्या, वर पाच बैठकीच्या आणि पाच पाठीच्या उशा. लाकूड ठणठणीत, कापड मात्र पार विटलेलं. एका दुपारी मेनरोडला गेले आणि अर्ध्या तासात कापड घेऊन परत आले. डाळिंबी रंगाचं, लवेचं शेनील. हात फिरवला की मांजरीच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं.

पुढच्या रंगपंचमीपर्यंत त्या सोफ्याची रया गेली. खिडकीजवळच्या खुर्चीचा डाळिंबी रंग जुन्या विटेसारखा झाला. बैठकीच्या पुढच्या कडेला लव झडून टक्कल पडलं. आणि एका उशीवर पाण्याचा गोल डाग कायमचा बसला. साध्या पाण्याचा! तर्री नाही, चहा नाही, फिल्टरचं पाणी. दुकानदाराला दोष द्यायला जागा नव्हती. त्याने मला फसवलं नव्हतं, मीच त्याला काही विचारलं नव्हतं.

भद्रकालीतले एक कारागीर आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. उशा उचलून बघत ते म्हणाले, "ताई, कापड तुम्ही हाताने बघितलं. हात कुठे बसतो सोफ्यावर?"

गोष्ट एवढीच आहे. दुकानात आपण कापड तळहाताने आणि डोळ्याने निवडतो. घरी आल्यावर त्या कापडाची गाठ पडते मांडीशी, जीन्सच्या मागच्या खिशाशी, डोक्याच्या तेलाशी आणि दुपारी तीनच्या उन्हाशी. हाताला जे आवडतं ते या सगळ्यांना पुरून उरेल असं नाही. बरेचदा उलटच असतं. जितकं मऊ आणि लुसलुशीत, तितकं बहुधा नाजूक.

आधी खुर्ची, मग कापड

दुकानात पाय ठेवण्याआधी घरातली एकेक वस्तू डोळ्यांसमोर आणा. हॉलमधला सोफा रोज चार-सहा तास वापरात असतो. त्यावर टीव्ही बघितला जातो, मुलं उड्या मारतात, दुपारी कुणी लवंडतं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवर बसणं कमी, सांडणं जास्त. बेडरूममधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर माणूस क्वचितच बसतो, बहुतेक वेळ तिच्यावर कपडे बसलेले असतात. तिला तुम्ही रेशीम घातलंत तरी बिघडत नाही. दिवाणाची गोष्ट आणखी वेगळी, त्याचं कापड निघालं पाहिजे, धुतलं पाहिजे.

म्हणजे एकाच घरात तीन ठिकाणी तीन कापडं लागू शकतात. "सगळं मॅचिंग" हा हट्ट आपल्याला महागात पडतो. माझं शेनीलही तसं वाईट नव्हतं. शोभेच्या दोन उशांना घातलं असतं तर आजही टिकलं असतं.

धागा कशाचा?

सोफ्याच्या कापडात आपल्या बाजारात मुख्यतः चार धागे भेटतात: पॉलिस्टर, सुती, व्हिस्कोस आणि थोडंफार लिनन. बाकीचं बहुतेक यांचंच मिश्रण.

पॉलिस्टर म्हटलं की लोक नाक मुरडतात. मीही मुरडायचे. पण सोफ्यासाठी हा धागा फार कामाचा आहे. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. त्यामुळे ते आषाढ-श्रावणात कोंदट होत नाही, बुरशी सहज धरत नाही, धुतलं तर आटत नाही, लवकर वाळतं. घासलं जाण्यालाही ते चांगलं तोंड देतं. त्याचा दोष दुसरीकडे आहे: पाण्याशी वैर आणि तेलाशी मैत्री. डोक्याचं खोबरेल पाठीच्या उशीला लागलं की पॉलिस्टर ते धरून बसतं आणि त्या जागी धूळ चिकटून काळपट पट्टा तयार होतो.

यावरून आठवलं, आपल्याकडे सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पुरुष केसांना मॅकॅसर नावाचं तेल चोपडायचे आणि त्यापासून खुर्च्या वाचवायला पाठीवर कापड टाकायचे. त्या कापडाला नावच पडलं 'अँटिमॅकॅसर'. आमच्या आजीचे रुमाल म्हणजे तेच. ते काढून टाकून आम्ही आधुनिक झालो आणि सोफे तेलकट झाले.

सुती कापड उन्हाळ्यात बसायला सुखाचं. घाम शोषतं, हवा खेळती राहते. ओलं झालं तरी कमजोर होत नाही, उलट ओला सुती धागा कोरड्यापेक्षा थोडा जास्तच ताकदीचा असतो. पण चहा पडला की लगेच पिऊन टाकतं, आणि पहिल्या धुण्यात आटतं. सुती कव्हर शिवायचं असेल तर आख्खं कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच कारागिराला द्या. नाहीतर पहिल्या धुलाईनंतर उशी कव्हरात जाता जात नाही, आणि गेलीच तर चेन लागत नाही.

व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. रेशमासारखी चमक, पाण्यासारखी सळसळ, आणि किंमत आवाक्यातली. पण ओला झाला की याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि पाण्याचा डाग पडतो. पाणी पडलेल्या जागी धागे फुगतात, वाळताना वेगळ्याच पद्धतीने बसतात, कडेला एक वर्तुळ उरतं. माझ्या उशीवरचं ते हेच. मिश्रणात थोडंसं व्हिस्कोस चमकेपुरतं असेल तर ठीक, अर्ध्याहून जास्त असेल तर रोजच्या सोफ्याला नको.

लिनन ताकदीचं असतं, पण त्याला लवचीकपणा कमी. पायपिंगवर, म्हणजे कडेला शिवलेल्या गोल पट्टीवर, आणि कोपऱ्यांवर, जिथे कापड सतत दुमडलेलं असतं, तिथे ते आधी झिजतं. 'लिनन लुक' म्हणून जे मिळतं त्यात लिनन बहुधा नावालाच. 'जूट'चंही तसंच. दुकानात सोफ्यासाठी जूट म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा ताग नसतोच, तागासारखी जाडीभरडी वीण असलेलं पॉलिस्टर असतं. मला विचाराल तर हे बरंच आहे. खरा ताग मांडीला टोचतो आणि कुसं सोडतो.

नावावर विश्वास ठेवायचा नसेल तर जाळून बघा. कापडाच्या कडेचे दोन-चार उभे आणि दोन-चार आडवे धागे उसवायचे, वेगवेगळे चिमट्यात धरायचे, सिंकवर उभं राहून काडी लावायची. कापूस आणि व्हिस्कोस भरभर जळतात, कागद जळल्याचा वास येतो, मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, काळसर मणी होतो आणि तो थंड झाल्यावर नखाने फुटत नाही. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. मिश्रण असेल तर राखेत कडक गोळे सापडतात. मी हा प्रयोग केला तेव्हा एका 'प्युअर कॉटन' कापडाचे आडवे धागे थेट मण्यासारखे वितळले. उभे मात्र सुती होते. म्हणून दोन्ही दिशांचे धागे वेगळे तपासायचे.

वीण, लव आणि जोडवी

धाग्याइतकीच महत्त्वाची त्याची वीण. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. ते एकमेकांत जितके घट्ट आणि जितक्या वेळा अडकलेले, तितकं कापड टिकाऊ. साधी वीण, एक वर एक खाली, दिसायला गरीब पण कष्टाळू. चमकदार कापडांत धागा पाच-सहा धाग्यांवरून लांब उडी मारून जातो, म्हणूनच तो चमकतो. आणि म्हणूनच तो अडकतो. बांगडीत, घड्याळाच्या पट्ट्यात, पायातल्या जोडव्यात. आमच्या आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात, दोन महिन्यांत त्यांच्या कोपऱ्यात धाग्यांचे फुलोरे निघाले होते.

कापडावरचं डिझाइन विणलेलं आहे की छापलेलं, हे उलटं करून बघा. विणलेलं असेल तर मागे त्याची उलटी छाया, मोकळे धागे दिसतात. छापलेलं असेल तर मागची बाजू जवळजवळ कोरी. छाप वरच्या वर असते, बैठकीवर आधी तीच पुसट होते. विणलेल्या डिझाइनला दुकानात जॅकार्ड म्हणतात. जोसेफ मारी जॅकार या फ्रेंच माणसाने १८०४ साली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला, त्याचं हे नाव. आपल्या येवल्यातल्या काही पैठणीच्या मागांवरही जॅकार्ड बसवलेलं असतं.

उलट्या बाजूला पातळ रबरासारखा थर किंवा पांढरी जाळी चिकटवलेली दिसली तर चांगलं. त्याने धागे जागेवर राहतात, कापताना कड उसवत नाही. थर नसेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. दोन्ही हातांच्या चिमटीत कापड इंचभर अंतरावर धरा आणि दोन्हीकडे खेचा. धागे सरकून मधे फट पडली तर तशीच फट शिवणीलाही पडणार. सोफ्याचं कापड फाटतं असं आपण म्हणतो, पण बरेचदा ते फाटत नाही, शिवणीतून सरकतं.

आता शेनील. या शब्दाचा फ्रेंचमधला अर्थ सुरवंट. दोन धाग्यांच्या पिळात आखूड तंतू अडकवलेले असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ते नुसते अडकवलेलेच असतात. रोज घासले गेले की एकेक निसटतात, आणि राहतो तो उघडा पीळ. माझ्या सोफ्याचं टक्कल ते हेच. घट्ट विणीचं, पॉलिस्टरचं शेनील टिकतं. सैल असेल तर नखाने खरवडून बघा, दहा वेळा खरवडल्यावर तंतू हातात आले तर खाली ठेवा.

मखमलीबद्दल लोकांना वाटतं ती नाजूकच असते. पॉलिस्टरची, आखूड लवेची मखमल बरीच दमदार असते. तिच्यात वर आलेले धागे कापलेले असतात, फासे नसतात, त्यामुळे मांजराची नखं अडकायला जागा कमी. मांजर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि फाशाफाशांचं जे बुक्ले हल्ली फॅशनमध्ये आहे त्यापासून लांब राहावं. पण मखमलीला दिशा असते. एका बाजूने हात फिरवला की गायीने चाटल्यासारखी गुळगुळीत, उलटा फिरवला की गडद. सगळे तुकडे एकाच दिशेने लागले नाहीत तर एकाच ताक्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. पाठीला लव वरून खाली, बैठकीला मागून पुढे. कारागिराला हे सांगायचं, आणि कापड टाचण्याआधी एकदा उभं राहून बघायचं.

कॅटलॉगच्या मागचे आकडे

नमुन्याच्या पुस्तकात कापडामागे बारीक अक्षरात काही आकडे असतात. बहुतेक जण ते वाचत नाहीत, कारण किंमत दुसऱ्या चिठ्ठीवर असते.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. सोफ्याला साधारण २५० ते ४५० या पट्ट्यातलं कापड वापरतात. हा आकडा कापड किती जड ते सांगतो, टिकाऊपणा नाही. लवेचं कापड जड असूनही झडू शकतं.

खरा कामाचा आकडा मार्टिनडेल. यंत्रात कापडाचा गोल तुकडा ठरावीक वजनाखाली लोकरी कापडावर घासतात, सरळ रेषेत नव्हे, सतत दिशा बदलत. किती घासण्यांनंतर दोन धागे तुटले ते मोजतात. रोजच्या घरगुती सोफ्याला २०,००० ते २५,०००च्या पुढचा आकडा चालतो. मुलं, म्हातारी माणसं, येणंजाणं भरपूर असेल तर ३०,००० बघा. लाखाच्या घरातले आकडे ऑफिस आणि हॉटेलांसाठी, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. काही पुस्तकांत 'डबल रब्ज' लिहिलेलं असतं. ती अमेरिकेतली वेगळी चाचणी आहे, कापड पुढे-मागे घासण्याची. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

आणि मार्टिनडेल फक्त घासणं मोजतं. ऊन, तेल, डाग, गोळे येणं यांबद्दल ते गप्प असतं.

पश्चिमेची खिडकी

नाशिकची हवा चांगली म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलमध्ये घुसतं. काच लावलीय म्हणून कापड सुरक्षित, असं नाही. खिडकीची काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, बराच आत येऊ देते, आणि नुसता उजेडसुद्धा रंग उडवतो.

उजेडात रंग किती टिकतो याचीही एक मोजपट्टी आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या, १ ते ८. पहिली सगळ्यात लवकर उडते आणि पुढची प्रत्येक पट्टी उडायला आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. कॅटलॉगमध्ये 'लाइट फास्टनेस' म्हणून जो आकडा असतो तो हा. खिडकीजवळच्या सोफ्याला ५ किंवा वर. मधल्या भिंतीला असलेल्या सोफ्याला ४ पुरतो.

आकडा नसेल तर घरचा उपाय. नमुन्याचा तुकडा निम्मा पुठ्ठ्याने झाकून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा. नाशिकच्या मे महिन्यात तीन आठवडे पुरे. पुठ्ठा काढल्यावर दोन रंग दिसले तर तुमचं उत्तर मिळालं. गडद लाल, जांभळा, निळा यांचं उडणं जास्त डोळ्यांत भरतं. वाळूसारखे, राखाडी, ताकासारखे रंग उडतात तरी पटकन कळत नाही. धुळीचंही तेच. उन्हाळी वाऱ्यात दारं-खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात काळा सोफा म्हणजे रोजची फडकी.

हळद, तर्री आणि ओला रुमाल

दुकानदाराकडे पाव मीटर कापड विकत मागा. काही देतात, काही कां-कूं करतात, पण बारा-पंधरा मीटरचं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर बहुतेक देतात. त्या तुकड्याचे घरी जितके हाल करता येतील तितके करा.

पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून वीस वेळा घासा. मग तोच ओला करून घासा. ओल्या रुमालाला रंग लागला तर तो रंग पांढऱ्या कुर्त्यालाही लागणार. मग पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर कापडावर पाणी झटकणारं फिनिश आहे, पसरला तर नाही. हे फिनिश धुण्याने आणि घासण्याने हळूहळू जातं, त्यामुळे कायमचं समजू नका.

मग आपल्या घरची खरी परीक्षा: मिसळीच्या तर्रीचा चमचाभर. नाशिकमध्ये रविवारी सकाळी सोफ्यावर बसून मिसळ खात नाही असं घर मला तरी माहीत नाही. तर्रीत तेल आहे, हळद आहे, आणि हळद तेलात विरघळून धाग्यात खोल जाते. दहा मिनिटं ठेवून आधी टिपून घ्या, मग भांड्याच्या साबणाच्या फेसाने हलक्या हाताने पुसा. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. त्यामुळे कपड्यांच्या साबणाची वडी घासून डाग लालभडक झाला तर घाबरू नका, पाण्याने धुऊन काढला की तो परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हात ठेवल्यावर उडतो, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. निघणारी कव्हरं असली तर हे सोपं, टाचलेल्या सोफ्याला उन्हात कसं नेणार? म्हणून मी बैठकीच्या उशांना तरी चेन लावायचा आग्रह धरते.

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेला भाचा ओल्या कपड्यांनी सोफ्यावर बसला, तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. त्याला अंगणातच बसवायचा.

रेक्झिनबद्दल थोडक्यात. लेदरेट नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पीव्हीसीचं रेक्झिन कडक, मांडीला चिकटणारं, पण पाण्याला दाद न देणारं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, मऊ, खऱ्या चामड्यासारखं दिसणारं, पण दमट हवेत आणि घामाने त्याचा थर रासायनिकरीत्या तुटत जातो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. पापुद्रे सुटले की दुरुस्ती नाही. क्लिनिकच्या बाकड्याला पीव्हीसी योग्य, घरातल्या सोफ्याला मी दोन्ही घालणार नाही.

मीटरचा हिशेब

इथे सगळे फसतात. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, पण ४८ इंचीही मिळतं, म्हणून आधी पन्हा विचारा.

जेवणाच्या सहा खुर्च्या घ्या. बैठक १८ इंच चौरस. फोमची जाडी १ इंच, खाली दुमडून टाचायला २ इंच, म्हणजे प्रत्येक बाजूला ३. तुकडा झाला २४ इंच चौरस. ५४ इंच पन्ह्यात दोन तुकडे शेजारी बसतात. सहा खुर्च्यांना तीन रांगा, ७२ इंच, म्हणजे १.८३ मीटर. दोन मीटर घेतलं की झालं.

आता तेच कापड मोठ्या फुलाचं आहे, आणि प्रत्येक खुर्चीच्या मधोमध फूल यायला हवं. डिझाइन दर १६ इंचांनी परत येतं असं धरा. तुकडा २४चा, पण पुढचं फूल त्याच जागी यायला पुढचा तुकडा ३२ इंचांवर सुरू करावा लागतो. तीन रांगांचे झाले ९६ इंच, म्हणजे २.४४ मीटर. तर अडीच मीटर. म्हणजे प्रत्येक रांगेमागे ८ इंच कापड कात्रीत जातं. डिझाइन जितक्या लांब अंतराने परत येतं तितकं वाया जास्त, आणि आख्ख्या सोफ्यात हा फरक दोन-तीन मीटरवर जातो. साध्या कापडाचा आणखी एक फायदा: ते आडवं लावता येतं. तिघांच्या सोफ्याची सलग पाठ ७२ इंच, पन्हा ५४. उभं लावलं तर मधे जोड येणारच, आडवं लावलं तर येत नाही. मखमलीला आणि उभ्या डिझाइनला ही सोय नाही.

आमच्यासारख्या सुट्या उशांना, २२ इंच चौरस आणि ४ इंच जाड, साध्या कापडात पाच बैठकांना सुमारे चार मीटर लागतं. पाठीही तेवढ्याच मापाच्या असतील तर आठ. वर एक मीटर जास्त, पायपिंगला आणि चुकीला. आणि सगळं एकाच ताक्यातून एकाच वेळी. 'कमी पडलं तर घेऊन जा' या शब्दावर जाऊ नका. रंगाचा घाणा बदलला की त्याच नंबरचं कापड पुढच्या महिन्यात अर्धी छटा वेगळं येतं, आणि ते दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, घरी उन्हात कळतं.

शेवटी फोम

कापड सुरकुतलं, सैल पडलं, झोळ आला, की आपण कापडाला नावं ठेवतो. अर्ध्या वेळा दोष खालच्या बसलेल्या फोमचा असतो. कापड काढलंच आहे तर फोम तपासून घ्या. '३२ डेन्सिटी' म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही, पण टिकण्याशी आहे. आणि हे वजन असल्यामुळे घरी जोखता येतं: २२ बाय २२ बाय ४ इंचाची उशी ३२ डेन्सिटीची असेल तर साधारण १ किलो भरायला हवी. ४० डेन्सिटीची असेल तर सव्वा किलोच्या थोडी वर. पाऊण किलो भरली तर ती २४ची आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो.

आता २०२७चा सिंहस्थ समोर आहे आणि सोफा परत उसवला आहे. यावेळी राखाडी, साध्या विणीचं पॉलिस्टर, मार्टिनडेल ३०,०००. खिडकीजवळच्या खुर्चीला त्यातलाच वाळूचा रंग. तुकडा आमच्या खिडकीला मे महिनाभर चिकटलेला होता, तर्री खाऊन झाली, आईंची जोडवीही झाली.

परवा चाचा फोम घेऊन आले. मी स्वयंपाकघरातला काटा आणून एक उशी त्यावर ठेवली. ९९० ग्रॅम. चाचा काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "ताई, भाजी पण आणू का? तीही जोखून घ्या." मग त्यांनी कापडाचा ताका उलगडला, फोमवर दुहेरी टाकला आणि त्यावर बसले. दोनदा उठले, दोनदा बसले, सरकून बघितलं, मागे वळून सुरकुती राहिली का ते पाहिलं.

"चालेल," म्हणाले, आणि पिशवीतून खडू काढला.